दोसूच्या फाटकांवरच्या पिशव्या

१

मंगळवारी आणि शुक्रवारी पाव वाटायचा, हा डोम्निकाचा नेम. तितूसच्या बेकरीतली पांढरी गाडी ती सकाळी भरून घ्यायची आणि चारही गावं करून दुपारच्या जेवणाला घरी परतायची. स्कोरुशेनी हे त्यातलं मोठं गाव. कचेरी तिथे, शाळा तिथे, दवाखाना तिथे आणि प्यायला बसायची जागाही तिथेच. तिथले लोक गाडीभोवती गोळा व्हायचे, पाव दाबून बघायचे, करपलाय म्हणून नाक मुरडायचे आणि शेवटी तोच घेऊन जायचे. मग नदीकाठचं लुन्का. तिथल्या बायकांना पावापेक्षा बातम्या जास्त हव्या असत. मग वर पोदीश. परदेशी गेलेल्या पोरांनी तिथे घरांवर नवी लाल कौलं चढवली होती, पण कौलांखाली राहायला चार-दोन म्हातारीकोतारीच उरली होती. पोदीशला डांबर संपे. पुढे जंगलातून दगडमातीचा रस्ता डोंगराच्या पाठीमागे उतरायचा, दोसूला.

दोसूवर ऊन उशिरा यायचं आणि लवकर जायचं. एके काळी ईस्टरला तिथल्या चर्चच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. आता गावात दोनच चुली पेटत होत्या. एक डोम्निकाच्या सासऱ्याची, सोफ्रोनीची. दुसरी राव्हेका मावशीची, जिचं आयुष्यभर सोफ्रोनीशी कुंपणावरून भांडण चालू होतं आणि ते भांडण हीच दोघांची मोठी सोबत होती.

वरच्या गावांत गाडीची वाट बघत कोणी उभं राहत नाही. फाटकाला कापडी पिशवी अडकवून ठेवायची. डोम्निका येते, पिशवीत पाव टाकते, हॉर्न देते आणि पुढे जाते. दोसूत दोन पिशव्या असायच्या.

ऑक्टोबरमधल्या त्या मंगळवारी तीन होत्या.

तिसरी ओप्रीशान मास्तरांच्या फाटकाला होती. मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली होती. पोरं बाहेरदेशी, घराला कुलूप, अंगणात गुडघाभर गवत. डोम्निकाने गाडी थांबवली, खाली उतरली. जुन्या उशीच्या अभ्र्याची शिवलेली पिशवी, स्वच्छ धुतलेली. नाडीला दोन पीळ देऊन गाठ मारलेली होती आणि गाठ आतल्या बाजूला होती. म्हणजे कोणीतरी अंगणात उभं राहून ती अडकवली होती. पण अंगणातलं गवत कुठेच तुडवलेलं नव्हतं.

ती तशीच सासऱ्याकडे गेली. सोफ्रोनी पायरीवर बसून आलुबुखारं निवडत होता. मोठ्या हाडापेराचा माणूस. तरुणपणी त्याला दारूच्या गुत्त्यातून घरी न्यायचं तर दोन गडी लागत आणि तेही धापा टाकत.

"बाबा, मास्तरांच्या फाटकाला पिशवी कोणी लावली?"

"मास्तरांनी लावली असेल."

"मास्तर मेलेत. तुम्हीच खांदा दिलात त्यांना."

"मग भूक लागली असेल बिचाऱ्याला. वर काय खाणार, मेणबत्त्या?"

"चेष्टा पुरे."

"अगं, त्या राव्हेकेला विचार. कोंबड्यांना पाव चारते ती. एक पिशवी तिची, एक कोंबड्यांची."

राव्हेकाने हे ऐकून घेतलं आणि कुंपणाकडे तोंड करून, सोफ्रोनीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या कोंबड्या त्याच्यापेक्षा शहाण्या आहेत म्हणावं. मिळेल ते टिपतात आणि गप्प बसतात. मी नाही लावली गं पिशवी. मास्तरांच्या घराकडे बघवतसुद्धा नाही मला."

परत जाताना डोम्निकाने गाडी हळू केली. खिडकीतून हात बाहेर काढून तिने सहज त्या पिशवीला बोटं लावली. कुंपणावर पांढरं दहिवर गोठलेलं होतं. पिशवी मात्र उबदार होती, नुकतीच कोणी काखेतून काढून टांगावी तशी.

तिने त्यात काही टाकलं नाही.

२

शुक्रवारी राव्हेका रस्त्यातच उभी होती. हात कमरेवर.

"काय गं, म्हातारीला उपाशी मारायचं ठरवलंस का? मंगळवारी माझी पिशवी रिकामी."

"मावशी, मी स्वतः टाकला. हॉर्न दिला. तुम्ही खिडकीतून हात केलात."

"हात केला. बाहेर येऊन बघते तर पिशवी रिकामी. सोफ्रोनीनेच उचलला असणार."

"माझे दात मोज आणि मग चोर म्हण," सोफ्रोनी पलीकडून ओरडला. "एक पाव मला चार दिवस पुरतो!"

दोघांची जुंपली. डोम्निका त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिचं लक्ष पुन्हा पुन्हा मास्तरांच्या फाटकाकडे जात राहिलं. पिशवी तिथेच होती. चोर असेल तर तो पिशवी कशाला लावील? आणि लावणारा मागत असेल, तर न मिळाल्यावर शेजारणीचा पाव घेईल, हेही तितकंच साहजिक नाही का? कोणीतरी भटक्या असेल. वरच्या कुरणावरून उतरलेला मेंढपाळ असेल. थंडी पडायला लागली की माणसं रिकाम्या घरांत शिरतातच. गवत तुडवलं गेलं नाही? मागच्या बाजूने येत असेल. पिशवी उबदार होती? तिचेच हात गार होते. गार हाताला काहीही उबदार लागतं.

निघताना तिने कालचा उरलेला एक पाव त्या पिशवीत टाकला. माणूस असेल तर भुकेला राहू नये, एवढाच विचार होता तिचा.

पुढच्या खेपेला राव्हेकाची तक्रार नव्हती.

"बघ, सुधारला चोर," ती म्हणाली.

मास्तरांच्या फाटकाला रिकामी पिशवी पुन्हा लटकत होती, तशीच धुतलेली. आणि पलीकडे, ज्या घरातले सगळे केव्हाच पांगले होते त्या बुझोरांच्या फाटकाला आणखी एक.

डोम्निकाने तितूसला सांगितलं. तितूस भट्टीसमोर उघड्या अंगाने उभा होता. तो हसला.

"छान! गावात वस्ती वाढली. सरपंचाला सांग, पुढच्या निवडणुकीत मतं मागायला जाईल."

"तितूस, थट्टा नाही. तिथे कोणीतरी आहे."

"असू दे की. शिळा पाव डुकरांनाच जातो. डुकरांऐवजी त्यांना दे. आणि डोम्निका, सासऱ्याला खाली आण. याकोब असता तर त्याने कधीच आणला असता."

याकोबचं नाव निघालं की ती पाव मोजायला लागे. नवरा गेल्यावर माहेरच्यांनी बोलावलं होतं, पण ती गेली नाही. बायको मेलेली, मुलगा मेलेला असा तो म्हातारा डोंगरापलीकडे एकटा, आणि डोम्निकाची मुलगी लग्न होऊन दूर शहरात. एकमेकांना कोणी ठेवून घ्यायला सांगितलं नव्हतं, तरी दोघांनी एकमेकांना ठेवून घेतलं होतं. तिच्या हातचं बीनचं सूप तो खायचा, नावं ठेवायचा आणि वाटी पुसून परत द्यायचा.

नोव्हेंबर लागेपर्यंत दोसूच्या निम्म्याहून अधिक फाटकांना पिशव्या लागल्या होत्या. कुठली जुन्या झग्याची, कुठली परकराच्या तुकड्याची. सगळ्यांची गाठ आतून. ती प्रत्येकीत पाव टाकायची. एकदाच तिने एक फाटक मुद्दाम चुकवलं. त्या आठवड्यात सोफ्रोनीच्या पिशवीतला पाव नाहीसा झाला. त्यानंतर तिने कुठलंच चुकवलं नाही.

३

शेवटी सोफ्रोनीच म्हणाला, "चल, बघून येऊ. पाव आपला, मग पाहुणे कोण ते तरी कळू दे."

मास्तरांच्या घराची किल्ली राव्हेकाकडे होती. उन्हाळ्यात खिडक्या उघडायला म्हणून मुलांनी दिलेली. किल्ली देताना ती म्हणाली, "मी फाटकाशी थांबते. कोणीतरी बाहेर असलेलं बरं."

"कोणीतरी बाहेर आणि जीभ मात्र आत," सोफ्रोनी पुटपुटला. पण त्याने काठी घट्ट धरली होती.

भर दुपार होती. कुलूप गंजलेलं होतं, किल्ली दोनदा अडकली. दार उघडलं आणि डोम्निका उंबऱ्यावरच थबकली. बंद घराचा वास तिला ठाऊक होता. ओल, उंदीर, जुनी राख. इथे तो नव्हता. इथे लोकरीचा, साबणाचा, माणसांच्या अंगाचा वास होता. ज्या घरात बरीच माणसं झोपतात त्या घराला सकाळी असतो तसा.

पण जमिनीवर धूळ होती. अखंड, राखाडी, जाड. तिच्यावर त्या दोघांची पावलं उमटत होती, दुसरी कुठलीच नाहीत. मातीच्या मोठ्या शेगडीवर तिने हात ठेवला. थंडगार.

"उंदरांनी तरी नाचायचं," सोफ्रोनी हळू आवाजात म्हणाला. "उंदीरही नाहीत."

जेवणाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्याने काठीच्या टोकाने ते ढकललं.

टेबलावर पाव होते. तिने आजवर या फाटकावर दिलेले सगळे. प्रत्येक खुर्चीसमोर एक आणि उरलेले मधोमध, नीट रचून. शिळे झाले होते, पण कुठे चावा नाही, सुरीची खूण नाही, बुरशी नाही. तळाला तितूसच्या भट्टीतल्या विटांचे ठसे जसेच्या तसे.

"म्हणजे कोणी खाल्लेच नाहीत," डोम्निका म्हणाली. तिला हायसं वाटलं. का ते तिलाच कळलं नाही.

सोफ्रोनीने एक पाव उचलला. हात वर गेला तो फार वेगाने गेला, जसा भरलेली समजून रिकामी बादली उचलताना जातो. तो त्या पावाकडे बघत राहिला. मग त्याने अंगठा दाबला.

कवच फुटलं. आत काही नव्हतं. मऊ गर नव्हता, चुरा नव्हता. आतली बाजू सुकलेल्या भोपळ्यासारखी गुळगुळीत होती. त्याने दुसरा फोडला. तोही तसाच. तिसरा डोम्निकाने हातात घेऊन सगळीकडून फिरवून बघितला. बारीकसं भोकही नव्हतं.

"दात नसतील," सोफ्रोनी म्हणाला. "मऊ तेवढं घेतात."

आतल्या खोलीत खुर्ची सरकली.

दणका नव्हता, घाई नव्हती. पाहुणे आल्याचं कळल्यावर यजमान जेवता जेवता उठतो, तेवढाच तो आवाज. डोम्निकाने सासऱ्याचा दंड पकडला आणि त्याला ओढतच बाहेर आणलं. दार लावायला ती थांबली नाही. फाटकाशी राव्हेका छातीवर क्रूस काढत उभी होती.

"काय होतं?"

"काही नाही," सोफ्रोनी म्हणाला. "पाव होते."

पायरीवर बसल्यावर डोम्निकाने विषय काढला. तिच्या घरी खाली खोली आहे, चूल आहे, दवाखाना जवळ आहे. आजच चला.

"आणि इथे दिवा कोण लावणार?"

"कशाला हवाय दिवा? कोणासाठी?"

त्याने मास्तरांच्या घराकडे पाहिलं. बुझोरांच्या घराकडे पाहिलं. "हे सगळे माझे शेजारी, सूनबाई. यांच्या लग्नांत मी नाचलोय. यातल्या अर्ध्यांना मी खांदा दिलाय. पावच मागतात ना?"

"आज पाव मागतात."

त्याने हात उघडला. तळहातावर अजून पावाच्या कवचाचे कण होते, ते त्याने सवयीने गोळा केले आणि तोंडात टाकले.

४

नंतर बदल झाला तो इतका हळू, की डोम्निका रोज तिथे असती तर तिला कळलाही नसता. आठवड्यातून दोनदा येणाऱ्याला असल्या गोष्टी दिसतात.

आधी आवाज. सोफ्रोनी बोलायचा तेच, टोमणेही तेच, पण आवाजाला एक घुमारा आला होता. रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलावं तसा. मग पावलं. लाकडी फळ्यांच्या त्या घरात तो चालला की आधी भांडी हलत. आता ती चुलीपाशी पाठमोरी असताना तो शेजारी येऊन उभा राही आणि तिला पत्ताच नसे. मग पायरी. पायरीवर तो बसायचा तिथली फळी आयुष्यभर दबून खाली गेली होती. ती हळूहळू वर येत होती.

जेवत तो नीट होता. तोंडावर तकाकी होती. गाल भरलेले होते.

"तब्येत छान आहे तुमची," ती म्हणायची आणि त्याच्या वाटीत आणखी सूप ओतायची.

एका मंगळवारी तो अंथरुणातून उठत नव्हता. "आळस आलाय," म्हणाला. तिने आधार द्यायला हात पुढे केला, त्याच्या काखेत घातला आणि जोर लावला.

ती तोल जाऊन मागच्या भिंतीवर आपटली. सोफ्रोनी तिच्या हातात होता. सगळाच्या सगळा, अंथरुणापासून वर. खुंटीवरचा कोट काढावा तसा तो आला होता.

त्याचा चेहरा तिच्या चेहऱ्यापाशी होता.

"तुझे हात किती गरम आहेत गं," तो म्हणाला.

त्या दिवशी तिने त्याला विचारलंच नाही. घोंगडीत गुंडाळलं, उचललं, गाडीत पुढच्या सीटवर बसवलं आणि पट्टा लावला. घराला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली. तो विरोध करील, शिव्या देईल, असं तिला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. तो काचेतून आपल्या घराकडे बघत राहिला, बस.

राव्हेका कुंपणाशी होती. "नेतेस त्याला?"

"तुम्हीही चला मावशी. आत्ता. जशा आहात तशा."

"आणि कोंबड्या?"

"मावशी!"

"शुक्रवारी ये. तोवर मी टोपलीत भरून ठेवते. माझी बहीण आहे लुन्काला, तिच्याकडे सोड मला." मग तिने गाडीत डोकावून पाहिलं आणि चेष्टेच्या सुरात म्हणाली, "जा रे सोफ्रोनी. आता कुंपण माझं."

त्याने उत्तर दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने तिला उत्तर दिलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, पाठ ठोकली. ठोकताना त्या थांबल्या, पुन्हा ठोकून बघितलं आणि कान जवळ नेला. हृदय चालू होतं. फुप्फुसं साफ. त्यांनी त्याला वजनकाट्यावर उभं केलं. काट्याकडे पाहिलं, मग वाकून काट्याला दोनदा चापट मारली.

"बिघडलाय हा," त्या म्हणाल्या. "दुरुस्तीला पाठवायला हवा. आजोबांना नीट खाऊ घाला, एवढंच."

त्यांनी स्वतः त्या काट्यावर पाय ठेवला नाही, हे डोम्निकाच्या लक्षात आलं.

५

शुक्रवारी सकाळपासून धुकं होतं. सोफ्रोनीला चुलीजवळच्या पलंगावर बसवून, बटाटे सोलायला देऊन डोम्निका निघाली. सोलताना त्याने अंगठा कापून घेतला होता. रक्त फारसं आलं नाही, तरी तिने निळी चिंधी फाडून पट्टी बांधली. "एवढ्याशाला पट्टी! पोर समजतेस का मला?" तो म्हणाला. त्या घुमणाऱ्या आवाजातही तिला ते ऐकून बरं वाटलं.

तितूसकडून तिने गाडी गच्च भरून घेतली. कशाला, हे त्याने विचारलं नाही.

पोदीशनंतर जंगलात दिवे लावून चालवावं लागलं. दोसूत उतरली तेव्हा वारा पडलेला होता. फाटकं धुक्यातून एकामागून एक पुढे येत होती आणि प्रत्येक फाटकाला पिशवी होती. चर्चच्या फाटकालाही. जिथे घर पडून नुसतं जोतं उरलं होतं, तिथल्या एकट्या उभ्या खांबालाही.

राव्हेका आपल्या दाराशी उभी होती. डोक्याला काळा रुमाल, पायाशी झाकलेली टोपली. टोपलीत कोंबड्या असूनही आवाज नव्हता.

"बसा मावशी. लवकर."

"आधी पाव टाक," राव्हेका म्हणाली. ओठ जेमतेम हलत होते. "सगळ्यांना. एकही गाळू नकोस. काल दिवसभर माझ्या खिडकीशी उभे होते गं. बोलत काही नाहीत. नुसते उभे राहतात, आपण दुकानात रांगेला राहतो ना, तसे."

"कोण?"

"टाक बाई पाव."

डोम्निकाने पाटी कमरेला लावली आणि चालायला सुरुवात केली. मास्तर ओप्रीशान. बुझोर. कार्पीन सुतार. जुळ्या विधवा सुनांची ती अव्रामांची मोठी माडी. नावं तिच्या ओठांवर आपोआप येत होती. पाव टाकायचा, पुढे जायचं. कुंपणांमागून आवाज येत होते, अगदी घरगुती. चमचा ताटलीला लागल्याचा. खाटेची कुरकुर. कोणीतरी घसा खाकरला. कोणीतरी कोणालातरी "शूऽऽ" म्हणालं. पिशव्या उबदार होत्या, सगळ्या.

आवाज धुक्यात दूरचेही जवळ वाटतात, ती स्वतःला सांगत होती. पोदीशचे लोक असतील. पोदीश डोंगराच्या पार पलीकडे राहिलं, हेही तिला त्याच वेळी आठवत होतं.

पाटी रिकामी करून, गाडीतून पुन्हा भरून ती दुसऱ्या बाजूने परत आली. शेवटचं फाटक तिच्या सासऱ्याचं.

तिथे पिशवी होती. तिची स्वतःची शिवलेली, नेहमीची. मंगळवारी निघताना ती तिने काढून आत खुंटीला लावली होती. घराची किल्ली तिच्या खिशात होती. तिने चाचपून पाहिली.

"ते राहू दे," मागून राव्हेका म्हणाली. ती कशीबशी गाडीत चढून बसली होती. "ते घर रिकामं आहे. चल."

पाटीत पाव उरला नव्हता. सीटखाली एक होता. एका बाजूने करपलेला, म्हणून तिने घरच्यासाठी बाजूला ठेवलेला. दुपारी सूपाबरोबर दोघांना झाला असता. डोम्निका थोडा वेळ उभी राहिली. मग तिने तो घेतला, फाटकाशी गेली आणि पिशवीत हात घातला.

पलीकडून, दोन फळ्यांमधून, एक हात आला आणि त्याने पिशवीचा काठ धरला.

बुधवारी तिने स्वतः कापलेली नखं होती ती. पण तिने आधी ओळखली ती निळी चिंधी. अंगठ्याभोवती तिनेच सकाळी बांधलेली, गाठ तिच्याच पद्धतीची. आणि हात जड होता. पिशवी त्या वजनाने खाली ओढली गेली, फाटकाच्या फळीने कुरकुर केली. भरलेला, रक्ताचा, कष्टाच्या माणसाचा हात. याकोबच्या शवपेटीला ज्याने खांद्याशी आधार दिला होता तो.

फाटकाच्या वर, धुक्यात, टोपीचा काळा गोल दिसत होता. तिने मान जरा उचलली असती तर टोपीखालचं दिसलं असतं.

डोम्निकाने मान खाली घातली. पिशवी सोडली. ती गाडीपर्यंत चालत गेली, पळाली नाही, कारण पळालं तर मागून कोणीतरी हाक मारील असं तिला वाटत होतं. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. आरशात तिने बघितलं ते इतकंच, की फाटकांवरच्या पिशव्या एकेक करून आत जात होत्या. कुणीही घाई करत नव्हतं.

राव्हेका लुन्का येईपर्यंत डोळे मिटून होती. बहिणीच्या दाराशी उतरताना तिने टोपलीवरचं फडकं बाजूला केलं, आत एकदा बघितलं आणि टोपली तशीच गाडीत ठेवून गेली. "नदीत सोड," एवढंच म्हणाली. डोम्निकाने टोपली उचलली तेव्हा ती नुसत्या वेताची असावी तशी हलकी होती. आत पिसं चमकत होती, डोळे उघडे होते.

६

घरी आली तेव्हा सूप तसंच चुलीवर होतं. सोफ्रोनी पलंगावर टेकून बसला होता, घोंगडी छातीपर्यंत. बटाटे अर्धेच सोललेले. डोम्निकाने कोट काढला, हात धुतले, बराच वेळ धुतले, आणि वाटी भरून त्याच्यासमोर स्टुलावर बसली. ती चमच्याकडे बघत होती.

"राव्हेकेला आणलंस?"

"आणलं."

"भांडली का?"

"नाही."

"मग आजारी असेल." तो किंचित हसला. त्या हसण्याचा आवाज खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून आल्यासारखा वाटला. "पाव पुरला सगळ्यांना?"

"पुरला बाबा. खा आता."

त्याने तोंड उघडलं नाही. चमचा मध्येच थांबला. बाहेर शेजारच्यांचा कुत्रा भुंकत होता. कोणीतरी सायकलवरून घंटा वाजवत गेलं. गावातला नेहमीचा शुक्रवार.

"मला दिलास तो करपलेला होता," सोफ्रोनी म्हणाला.

चमच्यातलं सूप तिच्या मांडीवर सांडलं. तिला चटका जाणवला नाही.

"तक्रार नाही गं माझी. एका बाजूनेच करपला होता, आत मऊ होता." तो सावकाश बोलत होता, जुन्या मायेने, ज्या मायेने तो तिच्या सूपाला नावं ठेवायचा. "पण पाव देऊन तू मान खाली घातलीस. याकोब गेला त्या दिवसापासून तू माझ्यापुढे कधी मान खाली घातली नव्हतीस, सूनबाई. मी तुझ्याकडेच बघत होतो. तू माझ्याकडे बघितलंच नाहीस."

डोम्निकाने वाटी जमिनीवर ठेवली. मग मान वर केली आणि बघितलं.

त्याचे गाल गुळगुळीत होते, तुकतुकीत. डोळे होते. खिडकीतून येणारा उजेड चेहऱ्याच्या कडेवर पडला होता, आणि तिथे, कानापाशी, तो उजेड आत शिरून दुसऱ्या बाजूने किंचित पिवळसर होऊन बाहेर येत होता.

तो वाट बघत राहिला.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "तुम्हाला घरी जायचंय का?"

"मी घरीच आहे गं," सोफ्रोनी म्हणाला. "एवढंच तुझ्याकडे राहिलंय."

डोम्निकाने चुलीत आणखी एक लाकूड सरकवलं, आणि जेवढं राहिलं होतं तेवढ्यावर पांघरूण नीट घातलं.